जुन्या बुलेटचा प्लग गॅप: १८ थाऊ, ०.७ मिमी की खोक्यातून निघाला तसाच?

घाटवाट_वाई

नमस्कार मंडळी. गाडी १९८४ची एनफिल्ड बुलेट ३५०, सहा व्होल्टची, पॉइंटवाली (ठिणगी पाडायला उघडमीट करणारे संपर्क असलेली). वडिलांनी घेतलेली आणि त्यांनीच निगुतीने सांभाळलेली. आता रोज मी चालवतो. वाई ते पाचगणी, म्हणजे सकाळी पसरणी घाट चढायचा आणि संध्याकाळी उतरायचा.

दुखणं असं आहे की सपाटीला काही तक्रार नाही, आयडलिंगला ठोका एकसारखा. पण घाटात मागे कोणी बसलेलं असलं आणि तिसऱ्या गिअरला ॲक्सिलेटर पूर्ण पिळला की मिसिंग सुरू. दोनतीन ठोके पडतात, एक गळतो, गाडी हिसके मारते. ॲक्सिलेटर थोडा सोडला की पुन्हा जागेवर. पेट्रोलचा कॉक, टाकीच्या झाकणाचं भोक, कार्बोरेटरचं जेट, एअर फिल्टर सगळं साफ करून झालंय.

मग प्लग नवा टाकला. दुकानदार म्हणाला, कंपनीतून गॅप (ठिणगी जिथे पडते ती फट) सेट होऊन येतो, हात लावायचा नाही. मिसिंग कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. इथल्या एका गॅरेजवाल्याला दाखवलं, तर त्याने प्लग काढून फरशीवर ठोकला, खिशातलं व्हिजिटिंग कार्ड फटीत घालून बघितलं आणि परत आवळला. त्या दिवशी घाट साफ चढली! पण आता पाचगणीच्या बाजारात गर्दीत थांबलो की बंद पडते, आणि सकाळी गार असताना किका मारून पाय भरून येतो.

गाडीच्या जुन्या पुस्तकात १८ ते २० थाऊ (इंचाचे हजारावे भाग) लिहिलंय. मित्र म्हणतो ०.७ मिमी ठेव, सगळ्यांचा तोच असतो. यातला खरा आकडा कुठला, आणि तो घरी नीट लावायचा कसा? वडिलांना ही गाडी दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायला आवडत नाही, त्यामुळे शिकून स्वतः करायची तयारी आहे.

सोलापुरी_स्प्लेंडर

माझ्या जुन्या स्प्लेंडरला ०.६ ते ०.७ आहे आणि गाडी मस्त चालते. मॅन्युअलमध्येही तेच दिलंय. बुलेटचंही तेवढंच असेल असं वाटतं. ०.७ करून बघा.

निदेशक_कराड

घाटवाट, तुम्ही लक्षणं फार नीट लिहिली आहेत, त्यामुळे सांगणं सोपं झालं. मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवत होतो, आता निवृत्त आहे. सोलापूरच्या मित्राचा आकडा त्याच्या गाडीसाठी अगदी बरोबर आहे. स्प्लेंडरला सीडीआय म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशन आहे, पॉइंट नाहीत. तो आकडा उचलून पॉइंटवाल्या सहा व्होल्टच्या बुलेटला लावायचा नाही. तुमच्या पुस्तकातला १८ ते २० थाऊ हाच तुमच्या गाडीचा आकडा. मिलिमीटरमध्ये ०.४५ ते ०.५०.

आता तुमच्या गाडीने जे दोन उलटसुलट चाळे केले, ते दोन्ही समजून घ्या, कारण गॅप म्हणजे काय हे त्यातच आहे.

ठिणगी हवेतून उडी मारते. उडी जितकी लांब, तितके जास्त व्होल्ट लागतात, हे कोणालाही कळतं. पण ती हवा जितकी दाबलेली असेल तितकेही जास्त व्होल्ट लागतात, हे विसरलं जातं. आयडलिंगला कार्बोरेटरचा स्लाइड जवळजवळ बंद असतो, सिलिंडरमध्ये मिश्रण थोडंच येतं, दाब कमी. घाटात तुम्ही ॲक्सिलेटर पूर्ण पिळता तेव्हा सिलिंडर गच्च भरतो, पिस्टन वर येताना दाब कितीतरी वाढतो, आणि तोच गॅप ठिणगीला ओलांडवत नाही. म्हणून सपाटीला ठीक आणि पसरणीला मिसिंग. हल्लीच्या गाड्यांचे प्लग खोक्यातून बरेचदा ०.७-०.८ मिमीच्या आसपास निघतात. ते त्यांच्या इग्निशनला झेपतं. जुनी सहा व्होल्टची कॉइल (ठिणगीचे व्होल्ट तयार करणारी), वर झिजलेले पॉइंट, तिला ते झेपत नाही. दुकानदाराने खोटं सांगितलं नाही. गॅप कंपनीतून सेट होऊनच येतो, पण तो तुमच्या बुलेटसाठी सेट झालेला नसतो. एकाच नंबरचा प्लग कितीतरी वेगवेगळ्या गाड्यांना लागतो.

याच कारणाने प्लग बाहेर काढून हेडला टेकवून किक मारायची आणि 'स्पार्क निळा आहे, म्हणजे इग्निशन ओके' म्हणायचं, ही परीक्षा अर्धवट आहे. उघड्या हवेत मरतुकडी कॉइलसुद्धा छान ठिणगी दाखवते. पूर्वी मोठ्या गॅरेजमधून प्लग साफ करायचं मशीन असायचं, त्यात वाळूचा मारा करून मग हवेच्या दाबाखाली ठिणगी बघायची सोय होती. खरी परीक्षा ती.

आता व्हिजिटिंग कार्ड. साधारण कार्ड १२ थाऊच्या आसपास भरतं. इतक्या चिंचोळ्या फटीत ठिणगी कधीही पडते, म्हणून घाट साफ झाला. पण ती ठिणगी आखूड. आयडलिंगला सिलिंडरमध्ये आधीचा जळका धूर बराच उरलेला असतो, मिश्रण पेटायला नाखूष असतं. त्यात जी इवलीशी ज्योत तयार होते तिची उष्णता दोन्ही बाजूंचा धातू शोषून घेतो आणि ती वाढण्याआधीच विझते. म्हणून बाजारात बंद पडणं आणि सकाळी किका. शिवाय अशा फटीत काजळीचा एक कण अडकला तरी प्लग शॉर्ट.

म्हणजे गॅरेजवाल्याने रोग दाबला, पण रोग अजून आहेच. माझा अंदाज सांगतो, दोष पॉइंटमध्ये आहे: ते तपासल्याशिवाय प्लगच्या गॅपला हात लावू नका. क्रम पक्का ठेवा. आधी पॉइंट, मग टायमिंग (ठिणगी नेमकी कधी पडते ते), सगळ्यात शेवटी प्लग.

पॉइंटचा गॅप बुलेटला १४ ते १६ थाऊ. प्लग काढून ठेवा म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरतं. डिस्ट्रिब्युटरचं (पॉइंट ज्यात असतात त्याचं) झाकण काढा, किक सावकाश दाबत पॉइंटची फायबरची टाच कॅमच्या (पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या उंचवट्याच्या) सर्वात उंच जागी आणा, आणि तिथे फिलर गेजमधली (ठराविक जाडीच्या पट्ट्यांचं मापक) १५ थाऊची पट्टी घाला. पट्टी जाताना किंचित घासली पाहिजे, अडकता कामा नये. स्क्रू आवळल्यावर परत मोजा, आवळताना प्लेट नेहमी सरकते. आणि पट्टी घालण्याआधी पेट्रोलने पुसून घ्या. फिलर गेज गंजू नये म्हणून तेल लावून ठेवलेला असतो, ते तेल पॉइंटवर राहिलं की जळतं आणि आठवड्यात पॉइंट काळे पडतात. माझ्याकडे किती तरी मुलं ही एक गोष्ट न केल्यामुळे 'सर, नवीन पॉइंटसुद्धा खराब निघाले' म्हणत यायची.

पॉइंट एवढे का महत्त्वाचे? ते मिटलेले असतात तेव्हा कॉइल भरते, उघडतात तेव्हा ठिणगी पडते. नळाखाली बादली लावल्यासारखं आहे: नळ जितका वेळ चालू, तितकी बादली भरणार. पॉइंटचा गॅप जास्त असला तर ते लवकर उघडतात आणि उशिरा मिटतात, कॉइल अर्धीच भरते, आणि इंजिन जोरात असताना तर आणखीच कमी. अशी अर्धी कॉइल प्लगचा २० थाऊचा गॅपसुद्धा घाटात ओलांडू शकणार नाही, मग प्लग कितीही भारी आणा. पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंगही सरकतं, म्हणून ते नंतर तपासायचंच.

आता प्लग. गॅप बदलताना फक्त बाहेरची वाकडी पट्टी हलवायची. मधल्या काडीला धक्का लागला की तिच्याभोवतीची चिनीमाती आतल्या आत तडकते. तडा डोळ्याला दिसत नाही, ठिणगी मात्र त्या तड्यातून पळते आणि तुम्ही महिनाभर कार्बोरेटर साफ करत बसता. गॅप कमी करायचा तर प्लग उभा धरून पट्टीची पाठ लाकडी ठोकळ्यावर हलकेच टेकवत जा. फरशीवर ठोकू नका, एका फटक्यात किती बंद होईल याचा भरवसा नसतो. वाढवायचा तर प्लग गॅपच्या गेजला जी खाच असते तिच्यात पट्टी धरून उचला. स्क्रूड्रायव्हर मधल्या काडीवर टेकवून पट्टी उचकटायची नाही. नाण्यासारखे गोल गेज मिळतात, कडेने जाड होत जाणारे. मोजायला चालतील, पण तेच फिरवून गॅप उघडू नका, त्यातही जोर मधल्या काडीवरच येतो.

पट्टीचं तोंड मधल्या काडीच्या बरोबर वर आणि समांतर हवं. तिरकं राहिलं तर एका कडेला २० आणि दुसऱ्या कडेला २८ असतं, आणि तुम्हाला वाटतं गॅप बरोबर आहे.

नव्या प्लगला साधा पट्टीचा फिलर गेज चालतो. वापरलेल्या प्लगला तारेचा गोल गेज घ्या. कारण सांगतो. प्लग चालून चालून वरच्या पट्टीला आतून, मधल्या काडीच्या डोक्यावर, एक छोटा खळगा पडतो. बोटाला जाणवत नाही, भिंगाखाली स्वच्छ दिसतो. सपाट पट्टी त्या खळग्याच्या दोन काठांवर बसते आणि कमी गॅप दाखवते. ठिणगी जाते ती खळग्याच्या तळापर्यंत. मी वर्गात एकच जुना प्लग फिरवायचो, सगळ्यांना आधी पट्टीने आणि मग तारेने मोजायला लावायचो. पट्टीने २० लिहिणारी मुलं तारेने २४-२५ लिहायची आणि एकमेकांच्या वहीत बघू लागायची. त्या दिवसानंतर कोणाला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

जुना प्लग परत वापरायचा असेल तर मधल्या काडीचं गोल झालेलं डोकं बारीक कानशीने सपाट करून घ्या. ठिणगीला धारदार कड आवडते, गोल झालेल्या टोकावरून उडायला तिला जास्त व्होल्ट लागतात. हे साध्या प्लगचं झालं. बारीक सुईसारख्या काडीच्या इरिडियम प्लगला कानस अजिबात लावायची नाही.

बसवताना: प्लगच्या भोवतीची माती काढण्याआधीच फुंकून टाका, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये. इंजिन गार असू द्या. आधी हाताने शेवटपर्यंत फिरवा. हाताने जात नसेल तर आटे जुळलेले नाहीत, पाना लावून जबरदस्ती केलीत की ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे गेलेच. हाताने बसल्यावर नवा वॉशर असेल तर प्लगपान्याने अर्धा फेरा, जुना दबलेला वॉशर असेल तर अगदी थोडा, साधारण फेऱ्याचा बारावा भाग.

एवढं करून घाट चढा आणि काय होतं ते कळवा.

आरएक्स_हडपसर

सर, फार उपयोगी. दोन प्रश्न. आमच्याकडे जुने मिस्त्री एक्सा ब्लेड घालून गॅप बघायचे, ते बरोबर होतं का? आणि बुलेटला पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवलं तर गॅप वाढवता येईल ना? माझ्या भावाने बसवलंय, त्याला तो २० थाऊच ठेवतो.

निदेशक_कराड

एक्सा ब्लेड पाठीकडून साधारण ०.६३ ते ०.६५ मिमी भरतं, म्हणजे २५ थाऊ. ज्या गाडीला ०.६ लागतो तिथे मिस्त्रींचा अंदाज फार चुकत नव्हता. दातांच्या बाजूने मात्र मोजू नये, दात आलटूनपालटून बाहेर वाकवलेले असतात. पॉइंटवाल्या बुलेटला हा गॅप मोठा पडतो. रस्त्यात काहीच जवळ नसेल तर दाढीची जुन्या पद्धतीची दुधारी ब्लेडं आठवा. एक ब्लेड साधारण ०.१ मिमी, पाच एकावर एक घट्ट धरली की ०.५. बोट सांभाळा, आणि घरी आल्यावर गेजने परत मोजा.

इलेक्ट्रॉनिक किटचं म्हणाल तर भावाला सांगा, किटच्या कागदावर जो गॅप दिलाय तो बघून ठेव. चांगलं किट आणि त्याच्या जोडीची कॉइल असेल तर २५ थाऊपर्यंत बिनधास्त जाता येतं आणि आयडलिंग सुधारतं. पण किट बसवून कॉइल जुनीच ठेवली असेल तर २० थाऊ ठेवण्यात त्याचं काही चुकत नाही.

घाटवाट_वाई

सर, तुमचा अंदाज खरा ठरला. गेल्या खेपेला ज्या गॅरेजमध्ये पॉइंट बदलले होते त्यांनी गॅप न बघताच झाकण लावलं असणार. माझी १५ची पट्टी फटीत नुसती हलत होती. एकेक वाढवत नेली तर २२ची घासून गेली. वडील शेजारी खुर्ची टाकून बसले होते, ते म्हणाले तरीच आयडलिंगला ॲमिटरचा (विजेचा प्रवाह दाखवणारा) काटा हल्ली पूर्वीइतका नाचत नव्हता.

पॉइंट १५ला लावले. पट्टी पेट्रोलने पुसूनच घातली. प्लग व्हिजिटिंग कार्डवरून उघडून २० केला, तारेचा गेज साताऱ्याला मिळाला. प्लगची पट्टी तिरकी होती तीही सरळ केली. वडिलांनी टायमिंगच्या खुणेवर डिस्ट्रिब्युटर ठेवला, पण बरोबर बसला का याची त्यांनाही खात्री नाही. तरी काल बायको मागे आणि पिशव्या लटकवलेल्या, अशी पसरणी चढलो. एकही ठोका गळला नाही. हॅरिसन फॉलीच्या वळणानंतर तर मुद्दाम तिसऱ्यातच ठेवून पूर्ण पिळली.

राहिलं ते एवढंच की आयडलिंग आता थोडं जास्त आहे, आणि प्लग काढून बघितला तर चिनीमातीचा रंग काळपट. गॅप अजून बदलू का?

निदेशक_कराड

वा! वडिलांना माझा नमस्कार सांगा. काट्यावर ज्यांचं लक्ष असतं त्यांच्या गाड्या टिकतात. पॉइंट मिटले की काटा उणेकडे जातो, उघडले की परत येतो. सावकाश आयडलिंगला तो नाच डोळ्याला दिसतो, आणि पॉइंट मिटलेले राहण्याचा वेळ कमी झाला की काट्याची उडी आखूड होते. त्यांनी बरोबर हेरलं.

गॅपला आता हात लावू नका. आयडलिंग वाढलं कारण व्हिजिटिंग कार्डच्या दिवसांत कोणीतरी गाडी बंद पडू नये म्हणून आयडलिंगचा स्क्रू आवळून ठेवला असणार. इंजिन चांगलं गरम झाल्यावर तो सावकाश सोडा, ठोका मोजता येईल इतका खाली आणा. मग कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू पाव पाव फेरा फिरवून बघा, जिथे ठोका सर्वात समान पडतो तिथे सोडा.

रंगाचं: घरासमोर आयडलिंगला ठेवून बंद केलेल्या गाडीचा प्लग काळपटच निघतो, त्यावरून काही ठरवू नका. घाट चढताना, जोर लावलेला असताना, सुरक्षित जागा बघून क्लच दाबा, लगेच इंजिन बंद करा, बाजूला घ्या. थोडं गार झाल्यावर प्लग काढा. बिस्किटी रंग असेल तर सगळं ठीक. तेव्हाही मऊ काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरा फटक आणि टोकाला बारीक मणी दिसले तर ताबडतोब थांबा, प्लग फार गरम होतोय. त्या वेळी प्लगचा नंबर तपासायचा. लक्षात ठेवा, एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, आणि मायको म्हणजे आताच्या बॉशच्या नव्या नंबरांमध्ये आकडा वाढला की प्लग गरम. दुकानात 'एक नंबर वरचा द्या' असं म्हणू नका, पूर्ण नंबर लिहून न्या.

टायमिंगची खात्री घरीच करता येते. सहा व्होल्टचा छोटा बल्ब घ्या, एक वायर पॉइंटच्या हलणाऱ्या बाजूला आणि दुसरी बॉडीला. इग्निशन चालू करा. पॉइंट मिटलेले असताना बल्ब विझलेला, उघडले त्या क्षणी लागतो. इंजिन हाताने चालीच्या दिशेने फिरवा आणि बल्ब लागतो तेव्हा पिस्टन कुठे आहे ते प्लगच्या भोकातून सळई घालून मोजा. आकडा तुमच्या पुस्तकात आहेच. मोजणं वडिलांकडे द्या, फिरवणं तुम्ही करा, एकट्याने दोन्ही जमत नाही.

घाटवाट_वाई

रविवारी करतो सर. बल्ब आणि होल्डर आणून ठेवलाय. एक शेवटचं: डिकीत एक जादा प्लग ठेवतो, त्याचा गॅप आत्ताच लावून ठेवू का?

निदेशक_कराड

आत्ताच लावा, २० थाऊ. खोक्यावर पेनाने '२०' लिहा. प्लगच्या तोंडावर पुठ्ठ्याची गुंडाळी चढवा, कारण डिकीत पाने आपटून पट्टी दबते आणि नेमका घाटात काढलेला प्लग बंद गॅपचा निघतो. त्याच डब्यात तारेचा गेज आणि थोडा सुका कपडा ठेवा. पावसाळ्याआधी प्लग कॅप एकदा काढून बघा. आतली एचटी वायर (कॉइलकडून प्लगला येणारी जाड वायर) टोकाला हिरवी पडली असेल तर अर्धा सेंटिमीटर कापून नवं टोक कॅपमध्ये फिरवा. पसरणीच्या धुक्यात तिथेच ठिणगी बाहेरच्या बाहेर पळते.